पऱ्हाटीच्या फुल्या

त्या रविवारी बगीच्यात सगळ्यांत आधी हसले ती मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला मी मोकळी.

बगीचा आपला म्हणायचा. आर्णीच्या आमच्या कॉलनीत लेआउट पाडताना मधोमध एक तुकडा सोडला होता. काही वर्षांपूर्वी आम्हीच त्याला चारी बाजूंनी तार ओढली, लोखंडी फाटक बसवलं, दोन सिमेंटचे बाक टाकले आणि त्याला बगीचा म्हणायला लागलो. आत सगळं गाजरगवत. झाड म्हणाल तर एक बाभूळ, तीही आपल्या मर्जीनं उगवलेली, तिच्याखाली बसायचं तर आधी काटे वेचायचे. संध्याकाळी आम्ही बाया त्या गवताला वळसा घालून पाच चकरा मारायच्या आणि बगीच्यात जाऊन आलो म्हणायच्या. रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, तरी मी चकरा चुकवत नसे, कारण कॉलनीत कुणाचं काय चाललंय ते तिथंच कळतं.

बाबा आमच्याकडे येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आमचं गाव मुकुटबनच्या पलीकडं. आर्णीहून निघालं तर पांढरकवड्याला गाडी बदलावी लागते आणि अर्धा दिवस मोडतो. आई गेल्यावर तीन वर्षं बाबा तिथं एकटे राहिले. हातानं स्वैपाक करायचे, वावर पाहायचे, आणि फोनवर विचारलं की सगळं मस्त आहे म्हणायचे. मग एप्रिलमध्ये भर दुपारी साखर कमी होऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, पडले. त्या दिवसांत रिकाम्या वावराकडं कोण फिरकतं? दोन-अडीच तासांनी एका मेंढपाळाला दिसले म्हणून बरं. डॉक्टरांनी मला आणि भावाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, यांना एकटं ठेवू नका, दर वेळी कुणाला दिसतीलच असं नाही. भाऊ पुण्याला. त्याच्याकडे बाबा आठ दिवस राहिले आणि लिफ्टमध्ये जीव घुसमटतो म्हणून परत आले. उरले मी.

पण लेकीच्या घरी बाप राहत नसतो. आमच्याकडं जुन्या माणसांचं हे ठरलेलं. लेकीच्या घरचं पाणीही जपून प्यावं, जेवायचंच तर पोटात थोडी जागा ठेवून जेवावं, मुक्काम तर लांबच राहिला. बाबा आले ते अट घालूनच आले, की पोळ्यापर्यंत राहीन, पोळा झाला की गावी. लोक काय म्हणतील, एवढंच त्यांचं कारण. कोण म्हणणार आहे त्याचं नाव सांगा, त्याला मी बघते, असं मी म्हणायची. त्यावर ते पंख्याकडं पाहत बसायचे.

घरात राहायचे तेही पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसायचे. जेवलेलं ताट स्वतः धुवून ठेवायचे. माझे मिस्टर शाळेत क्लार्क आहेत. संध्याकाळी ते दारात दिसले की बाबा उठून उभे. पन्नाशीच्या जावयासाठी पंचाहत्तरीचा सासरा उभा राहतो, हे पाहून कुणाचं डोकं नाही तापणार? मिस्टर म्हणायचे, मामाजी बसा हो. बाबा म्हणायचे, बसतो ना जवाईबापू, आणि तसेच उभे. मग दोघं पावसाबद्दल चार वाक्यं बोलायचे, एसटीच्या वेळेबद्दल दोन बोलायचे, आणि संपलं. दोघं एका खोलीत असले की घाम मला फुटायचा.

पोळा जवळ येत चालला होता. मी रोज सकाळी कॅलेंडरकडं पाहून धसकायची. बाबा गेले की पुन्हा तो धुरा, पुन्हा ते एकटे, आणि एखाद्या दिवशी कुणाला दिसायला उशीर झाला तर? हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. बोललं की खरं होतं असं वाटायचं. बाबांशी मात्र रोज भांडायची. कधी गोळ्यांवरून, कधी चपलांवरून, कशावरूनही. भांडण मला जमतं, रडणं जमत नाही.

जुलैच्या मध्यावर कॉलनीच्या ग्रुपवर गुरुजींचा निरोप आला. गुरुजी म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे मेसेजसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखे असतात, नंबर टाकून. एक, रविवारी सकाळी सात वाजता बगीच्यात झाडं लावायची. दोन, नर्सरीतून तीस रोपं मिळाली आहेत. तीन, प्रत्येक घरातून निदान एक माणूस आणि एक फावडं. चार, दुपारी तिथंच रोडग्यांचं जेवण. पहिल्या तीन नंबरांवर कुणी काही बोललं नाही. चार नंबरवर सगळ्या कॉलनीचे अंगठे आले.

खड्डे पाडायला ट्रॅक्टरवरचं ड्रिल शनिवारी संध्याकाळी येणार होतं. त्याआधी कुठं कुठं खड्डा पाहिजे तिथं चुन्याची फक्की टाकून निशाण्या करायच्या होत्या. शनिवारी दुपारी गुरुजी कडक इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या दारात आले. त्यांना दिग्रसला भाचीच्या साक्षगंधाला जायचं होतं. ओसरीवर बसलेल्या बाबांना त्यांनी जयभीम केला आणि म्हणाले, काकाजी, तुम्ही शेतीतले माणूस, तुमच्याएवढी सरळ ओळ कॉलनीत कुणाची येणार, तेवढ्या बारा-बारा फुटांवर निशाण्या करून द्या.

बाबांचा चेहरा पाहायला पाहिजे होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना काम सांगितलं होतं. मी तर त्यांना पाण्याचा गडवाही उचलू देत नव्हते, आणि त्यालाच मी सेवा समजत होते. लगेच टोपी चढली. अंगणात माझी कपडे वाळवायची नायलॉनची दोरी होती, ती त्यांनी ओल्या चादरींसकट सोडली आणि पायरीवर बसून तिला चार-चार फुटांवर गाठी मारायला लागले. चादरी चिखलात. मी ओरडले ते ओरडलेच, वर हेही विचारलं की गुरुजी बारा म्हणाले आणि तुम्ही चारावर गाठी कायले मारता. त्यांनी शांतपणे समजावलं, तिसऱ्या गाठीवर झाड. चार फुटांची दोरी सगळ्या कामाला येते.

ती कुठल्या कामाची दोरी हे मला काय माहीत नव्हतं? कपाशीला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. पऱ्हाटी अशाच दोरीवर टोबायची. दोरी ताणायची, गाठीगाठीवर फुली मारायची, फुलीवर दोन दाणे सरकी दाबायची, दोरी चार फूट पुढं घ्यायची. नीट जमलं तर वावर उभं पाहा नाही तर आडवं पाहा, रेघ सरळ दिसते. बाबांचं वावर त्या रेघेसाठी आसपासच्या गावांत माहीत होतं. रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून पाहायची.

दोरीचं दुसरं टोक धरायला याडी आली. याडी म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी. तिचा मुलगा एसटीत ड्रायव्हर आहे. तांड्यावरची शेती धाकट्याकडं सोपवून ती या मुलाकडं राहायला आली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. मुलगा तिला तशी हाक मारायचा, ते ऐकून ऐकून सगळी कॉलनीच याडी म्हणायला लागली. बारा गावचं पाणी प्यालेली बाई. माझं तिच्याशी जमतं, कारण तोंड दोघींनाही आहे.

बाबा एका टोकाला, याडी दुसऱ्या टोकाला, आणि फक्कीची पाटी कमरेवर घेऊन मी मधून. पहिली ओळ आम्ही अगदी मोजून केली. एक गाठ सोडली, दुसरी सोडली, तिसरीवर फक्की. मग दोरी पुढं घेतली आणि गप्पा सुरू झाल्या. याडीनं विचारलं, काकाजी तुमच्याकडं एकरी कापूस किती होते. बाबांनी सांगितलं. ती म्हणाली, काहीही सांगता. बाबांनी मग कुठल्याशा जुन्या सालचा कापूस काढला, जो ठेवायला घरात जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं त्या गंजीवरच झोपायचो. मला आठवलं, फ्रॉकच्या ओच्यात सरकी घेऊन मी बाबांच्या मागं चालायची आणि दोनाच्या जागी चार दाणे टाकले की पाठीत धपाटा बसायचा. हे मी सांगितलं, याडी हसली, तिनं तिचं सांगितलं. आणि मग हात आपापले चालायला लागले. दोरी ताणली, गाठ आली, फक्की. गाठ आली, फक्की. दोरी चार फूट पुढं. एकदा दोनदा नाही, वावरभर.

तिघांपैकी एकालाही कळलं नाही. तीन माणसं, तिघांचं मिळून दोनशे वर्षांच्या आसपास वय असेल, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण झाडं लावायला आलोय. उलट मला तर वाटलं, आता कसं छान दिसून राह्यलं. शेवटची फुली पडली तेव्हा बाबा कमरेवर हात ठेवून बाकाशेजारी उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी ओळ उभी पाहिली, मग आडवी पाहिली, आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवला. तो चेहरा मी दोन महिन्यांत पाहिला नव्हता. आम्ही चहा प्यायला घरी आलो. ड्रिलवाला नंतर आला आणि अंधार पडायच्या आत काम उरकून गेला.

रविवारी सातला फाटकाशी पोहोचलो तर आत पाय टाकायला जागा नाही. भोकंच भोकं. गाजरगवत गायब, आणि सगळा बगीचा पिठाच्या चाळणीसारखा. अडीचशेच्या वर खड्डे असतील. नर्सरीची तीस रोपं फाटकाजवळ एका ओळीत बिचारी उभी. पंधरा-वीस माणसं खांद्यावर फावडी घेऊन नुसती पाहत होती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खड्डे तेवढेच होते. त्यांनी ड्रिलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मले काय माहीत जी, फक्की दिसली की भोक पाडाचं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हसायला लागले. साधं नाही, फाटकाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अवो बाप्पा, बाबांनी इथं पऱ्हाटी टोबली, असं मी मोठ्यानं म्हणाले. मग काय, सगळे सुटले. कुणी म्हणालं, आता बोंडअळीची फवारणी कधी करायची. कुणी म्हणालं, जिनिंगवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. वाईट मनानं एकही माणूस हसला नाही, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगते. सगळी शेतकऱ्यांचीच लेकरं, ती आपल्या स्वतःलाच हसत होती. पण हे कळायला माणूस आपल्या गावात उभा असावा लागतो. बाबा लेकीच्या गावात उभे होते.

ते हसले नाहीत. टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि कुणाशीही न बोलता फाटकातून निघून गेले.

मी मागं धावले तर ते खोलीत पिशवी भरत होते. दोन धोतरं, गोळ्यांचा डबा, टॉवेल. मला वाटलं रागावले असतील. रागावले असते तर मला जमलं असतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“दुपारच्या गाडीनं चाललो मी. लेकीच्या गावात हसं करून घेतलं. आता पोळ्यापरेंत कायले राहू?”

फक्की मी टाकली होती बाबा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, दोरी तं माही होती. मी म्हणाले, पहिली मीच हसले. ते म्हणाले, हासनारच ना मानूस. आणि पिशवीची चेन ओढली.  मी इतके दिवस ज्याला भीत होते ते समोर घडत होतं आणि त्याला कारण मीच होते. मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी तशीच बगीच्यात गेले आणि सगळ्यांवर बरसले. फक्की मी टाकली, टोक याडीनं धरलं, हसायचं तर आम्हाला हसा, बाबा गावाला चाललेत, तिथं ते एकटे आहेत, पडले तर उचलायला कुणी नाही, आता हसा. एका दमात सगळं बोलून टाकलं, जे नवऱ्यालाही बोलले नव्हते तेही. नवरा माझ्याकडं पाहतच राहिला. गुरुजी म्हणाले, मी जाऊन माफी मागतो. याडीनं त्यांना हातानं थांबवलं. म्हणाली, माफी मागसान तं तो मानूस धावतच जाईन. तिनं एका खड्ड्यातून मातीचं ढेकूळ उचललं आणि आमच्या घराकडं निघाली. मी मागं.

बाबा पिशवी घेऊन ओसरीवर आले होते. याडीनं पिशवीकडं पाहिलंच नाही. ढेकूळ पुढं केलं.

“काकाजी, हे माती पाहा बरं. तुरीले वापसा हाय का अजून?”

वापसा म्हणजे पेरायला लागते तेवढीच ओल, कमी नाही, जास्त नाही. शेतकरी कितीही रुसलेला असो, मातीबद्दल विचारलं की त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. बाबांनी पिशवी खाली ठेवली. ढेकूळ मुठीत दाबलं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. आहे म्हणाले, पण आठ दिवसांच्या आत टोबली तर. नंतर मेहनत वाया. याडी म्हणाली, मग राहू द्या, एवढी भोकं कोण टोबणार, आमच्या कॉलनीत सगळी खुर्चीवरची माणसं, आणि तुम्ही तर चालले. बाबा म्हणाले, हो, चाललोच. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आमच्या बापजाद्यानं बैलावर गोण्या लादून मुलूख पालथा घातला. तुम्ही मुकुटबनहून आर्णीले आले, अन् तेवढ्यातच घाबरून राह्यले?”

“घाबरते कोन व?” बाबा म्हणाले, आणि पिशवी ओसरीवरच टाकून तिच्या पुढं चालायला लागले.

बगीच्यात माणसं तशीच फावडी टेकून उभी होती. बाबांनी कुणाकडं पाहिलं नाही, खड्ड्यांकडं पाहिलं. मग सांगायला लागले. तिसऱ्या खड्ड्यात झाड, मधल्या सगळ्यांत तूर. पऱ्हाटीत मधून तुरीचं तास, म्हणजे एखादी ओळ, असतंच, इथं झाडांत राहील. रोपटी लहान आहेत, तोवर तूर त्यांना सावली करेल, वारा अडवेल, आणि हिवाळ्यात शेंगा खायला मिळतील. झाडं मोठी होतील तेव्हा तुरीचं काम संपलेलं. गुरुजी त्यांचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणत होते, आपोआप नंबर टाकून. तीन नंबरपर्यंत माणसं माना डोलवायला लागली होती.

आता तूर पाहिजे. ज्याच्या घरी असेल त्यानं आणा म्हटल्यावर सगळ्यांत आधी धावले आमचे मिस्टर. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याच्या कामाला यायची संधी. पाच मिनिटांत धापा टाकत परत आले, हातात स्वैपाकघरातला स्टीलचा डबा. झाकण उघडून त्यांनी तो बाबांपुढं धरला. बाबांनी आत पाहिलं. मिस्टरांकडं पाहिलं. परत आत पाहिलं. डब्यात तुरीची डाळ होती, भरडलेली, पॉलिश केलेली, वरणाची.

“दाळ टोबता का जवाईबापू? मंग त वरनच उगवन.”

एवढं म्हणून बाबा हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खांदे हलायला लागले, मग टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. जावयाला हसणारा सासरा आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. मी मिस्टरांकडं पाहिलं. ते आधी लालबुंद झाले, आणि मग डबा हातात धरून तिथंच खड्ड्याच्या काठावर बसले आणि बाबांपेक्षा मोठ्यानं हसायला लागले. बाबा त्यांच्या शेजारी टेकले. दोघं चिखलात बसून हसत होते आणि सगळा बगीचा त्यांच्याबरोबर हसत होता, आणि या वेळी कुणाचं काही दुखत नव्हतं. उठताना बाबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून भार दिला. मी तोंड फिरवलं, कारण मला रडणं जमत नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बियाण्याची अख्खी तूर याडीच्या घरून आली, तांड्यावरची, गाडगंभर. मग जे काम सुरू झालं ते काय सांगू. काळी माती चपलांना चिकटून एकेक चप्पल किलोकिलोची व्हायला लागली, तेव्हा सगळ्यांनी चपला फाटकाशी काढल्या. जांभूळ, कडुनिंब, करंज, आवळा, कवठ, एकेका घरानं एकेक रोप घेतलं. कवठावरून दोन जावांचं भांडण झालं ते मीच सोडवलं, म्हणजे दोघींवर ओरडले. गुरुजींनी चार शब्द बोलायला घसा खाकरला आणि त्याच वेळी त्यांचा पाय खड्ड्यात गेला, त्यामुळं भाषण झालं नाही. बाबा ओळीओळीतून फिरत होते. दोनच दाणे, मूठ कायले टाकता. माती दाबू नका, नुसती सारा. बँकेच्या मॅनेजरबाईंनी चार दाणे टाकलेले त्यांना दिसले तर त्यांनी तिला खड्डा उकरून दोन परत काढायला लावले. तिनं काढलेही. आपण कुणाच्या गावात आहोत हे बाबा पार विसरले होते.

दुपारी तारेच्या कडेला गोवऱ्यांची रास पेटली आणि तिच्यात रोडगे भाजले. कणकेचे ते गोळे राखेतून काढून, झटकून, फोडून तुपात बुडवायचे, सोबत घट्ट वरण आणि वांग्याची भाजी. पंगत बसली. बाबांना बसा म्हटलं तर ते बसेनात. वरणाची बादली त्यांनी मॅनेजरबाईंच्या हातातून घेतली आणि वाढायला लागले, लाजू नका, अजून घ्या, पोटभर जेवा. स्वतः शेवटच्या पंगतीला बसले आणि चार रोडगे खाल्ले. मी मोजले. पोटात जागाबिगा काही ठेवली नाही. दुपारची गाडी कधी गेली ते कुणाला कळलंही नाही. पिशवी संध्याकाळपर्यंत ओसरीवरच पडली होती. मी ती उचलून आत ठेवली.

पोळा आला. बाबा म्हणाले, तुरीत निंदण आहे, आता कसा जाऊ. दसऱ्याला तूर कमरेएवढी झाली होती. दिवाळीला भाऊ त्यांना न्यायला आला, तर त्याला सांगितलं, तूर फुलावर आहे, फुलावर असताना वावर सोडायचं असतं का. भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, कुठलं वावर. मी त्याला बगीच्यात नेऊन उभं केलं. डोक्याच्या वर तूर गेली होती, सगळी पिवळी, आणि आमच्या चकरा मारणाऱ्या बाया तिच्यात दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. संक्रांतीला घरोघरी शेंगा उकडल्या, ओल्या तुरीच्या दाण्यांच्या सोले-वांग्याचा वास अख्ख्या कॉलनीत. मिस्टर शाळेतून आले की घरी न येता सरळ बगीच्यात. बाबांच्या शेजारी बाकावर बसायचे. दोघं काय बोलायचे देव जाणे, जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. आणि बाबा आता त्यांना पाहून उठत नव्हते, बाकावर थोडं सरकून जागा करत होते.

मी मात्र पुन्हा कॅलेंडर पाहायला लागले होते. तूर वाळली. जानेवारीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून कापली, ताडपत्रीवर झोडपली, घराघरात वाटून दिली. बाबांनी ताडपत्री झटकली, घडी घातली आणि म्हणाले, झालं, मोकळं झालं वावर.  वावर मोकळं झालं म्हणजे शेतकरी मोकळा. आता काय निमित्त? रात्रीच्या जेवणात मी मुद्दाम भांडण काढलं, त्यांनी ते घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उठले तर बाबांचं अंथरूण रिकामं. घडी घातलेलं. दार नुसतं लोटलेलं. मी गाऊनवरच स्कूटी काढली आणि बसस्टँड गाठलं. पांढरकवड्याची गाडी उभी होती. मी तिच्यात चढून शेवटच्या सीटपर्यंत एकेकाचं तोंड पाहत गेले. कंडक्टरनं विचारलं, बाई कुठं जायचं. मी त्याच्यावरही ओरडले असेन. बाबा त्या गाडीत नव्हते, रसवंतीपाशी नव्हते, कुठंच नव्हते. मी स्कूटी परत फिरवली.

कॉलनीच्या वळणावर आले आणि बगीचा दिसला. तूर गेल्यामुळं सगळं उघडं झालं होतं. तिसातली दोन मेली होती, बाकीची गुडघ्याएवढी, कमरेएवढी झाडं बारा-बारा फुटांवर उभी. एका जांभळीपाशी बाबा उकिडवे बसून खुरप्यानं तिच्याभोवती पाण्याचं आळं करत होते.

मी फाटकातूनच सुरू केलं. सांगून जाता येत नाही का, मी अशी गावभर फिरून आले, माझा जीव जायची वेळ आली. जे येईल ते बोलले. ते खुरपं चालवत राहिले. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“फुल्या पऱ्हाटीच्या मारल्या, पन लावले झाडं. पऱ्हाटी असती तं उपटून मोकळा झालो असतो व बाई. झाडाईले दरसाल उन्हाळा हाय.”

 त्यांनी आळ्याची माती हातानं थापटली, आणि पुढच्या झाडाकडं सरकताना, माझ्याकडं न पाहता म्हणाले,

“भावाले फोन लाव. गावाहून माही बाज इकडं धाडून दे म्हना. तुह्या गादीवर पाठ लागत नाही माही.”

मी तिथंच, गाऊनवर, फोन लावला. भावानं उचलला, हॅलो हॅलो म्हणाला, काय झालं म्हणून घाबरला, आणि मला बोलताच येईना.